घरदुरुस्तीच्या श्रमदानाला मुले पाठविताना

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, किंवा कोकणपट्टीत एखादे वादळ होऊन गेले, म्हणजे पालकांची आणि शिक्षकांची एकाच वळणाची पत्रे येऊ लागतात. पंधरा वर्षांच्या मुलीला आपद्ग्रस्तांची घरे दुरुस्त करण्याच्या शिबिराला पाठवावे की न पाठवावे. छापील संमतिपत्रावर सही केली म्हणजे आपण कोणकोणते हक्क सोडून देतो. मुलगा छपरावर चढणार आहे असे कानी आल्यावर नको म्हटले तर तो भित्रेपणा ठरेल काय. आणि संयोजकांच्या बाजूने, काही विपरीत घडल्यास जाब कोणाला विचारला जाईल, असे हे प्रश्न असतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतील घरांची छपरे उडविली, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत महाड व चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे, आणि तीत गोंधळही बराच दिसतो.

श्रमदान आपल्याकडे नवे नाही. राष्ट्र सेवा दलाची शिबिरे, बाबा आमटे यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात-सात दिवसांची निवासी शिबिरे, यांतून कित्येक पिढ्यांनी फावडे हाती धरले आहे. तेव्हा मुलांनी जावे की न जावे हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. जावे, असेच माझे मत आहे. मात्र बांध घालणे, झाडे लावणे किंवा पाणंद साफ करणे या कामांत आणि पडक्या घराची डागडुजी करण्यात एक मोठा फरक आहे, तो असा की मोडक्या घरात धोका डोक्यावर, पायाखाली आणि भिंतीच्या पोटात एकाच वेळी दडलेला असतो आणि शहरात वाढलेल्या मुलाला त्यातला फारच थोडा दिसतो. म्हणून आधी काम ठरवून मग त्याला मुले पुरविण्याचा जो प्रघात पडला आहे, तो उलटा करावा: आपल्याकडे कोणत्या वयाची किती मुले आहेत हे प्रथम पाहावे आणि त्यांना झेपेल तेवढेच काम गावाकडून मागून घ्यावे.

निघण्याआधीची पाहणी

शिबिराची सुरक्षितता निम्म्याहून अधिक येथेच ठरते. निदान तीन आठवडे आधी संयोजकांपैकी दोघा जबाबदार व्यक्तींनी गावी जाऊन, स्थानिक गवंडी किंवा सुतार बरोबर घेऊन, प्रत्येक घर आतबाहेर पाहिले पाहिजे. सरपंचांनी फोनवर दिलेली घरांची यादी ही पाहणी नव्हे. पाहणीत पुढील गोष्टींची खातरजमा करून ती कागदावर उतरवावी:

- भिंत कलली आहे काय, तिच्यात तिरक्या भेगा आहेत काय, पुराचे पाणी मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी किती दिवस साचून होते. भिजून फुगलेली मातीची भिंत वाळताना ढासळते. अशा घरात मुले आत नेऊ नयेत, मग घरमालकाची निकड कितीही असो.
- वासे, रिपा आणि आढे यांना वाळवी लागली आहे काय. गवंड्याने पहारेच्या टोकाने टोचून पाहिले की दोन मिनिटांत उत्तर मिळते.
- घरावरून किंवा अंगणावरून विजेची तार गेली आहे काय, आणि मेन स्विच कोठे आहे.
- विहिरीला कठडा आहे काय, सेप्टिक टाकीवरचे झाकण शाबूत आहे काय.
- पिण्याचे पाणी, शौचालय आणि सावलीची जागा किती अंतरावर आहे.
- चोवीस तास उघडे असणारे जवळचे रुग्णालय कोणते, तेथवर पावसात गाडी जाते काय, आणि मोबाइलला रेंज कोठे मिळते.

याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, जिचा मुलांच्या सुरक्षिततेशी सरळ संबंध नसला तरी जिच्यावाचून आपला परोपकार घरमालकाच्या अंगाशी येतो. नुकसानीचा पंचनामा झाला आहे काय? तलाठी येऊन पंचनामा करण्यापूर्वीच उत्साही मंडळींनी कौले रचून, भिंत लिंपून घर नीटनेटके केले, तर सरकारी मदतीसाठी नुकसान दाखवायचे कोठून? पंचनामा व्हायचा असेल तर थांबावे. अगदीच थांबता येत नसेल तर प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून, ग्रामपंचायतीला लेखी कळवून मगच घराला हात लावावा. घरमालकाची लेखी परवानगीही घ्यावी, आणि तीत आपण कोणते काम करणार व कोणते करणार नाही याचा तपशील असावा, म्हणजे तिसऱ्या दिवशी "एवढे छप्परही बघून टाका" असा आग्रह झाला तर दाखवायला कागद राहतो.

कोणत्या वयाला कोणते काम

श्रमदान ही नोकरी नव्हे, त्यामुळे कामगारविषयक कायदे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, असे सांगितले जाते. ते मान्य केले तरी त्या कायद्यांमागचा विचार आपल्याला वाट दाखवितो. बाल व किशोरवयीन कामगारांविषयीचा १९८६ चा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलास कामाला लावण्यास थोडे अपवाद वगळता मनाई करतो आणि चौदा ते अठरा या वयातील मुलास धोकादायक कामापासून दूर ठेवतो. बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्याखाली कामगार म्हणून नोंदणी व्हावयाची तर वय अठरा पूर्ण लागते. जे काम मजुरी घेऊन करण्यास मुलगा लहान ठरतो, ते फुकट करण्यास तो मोठा कसा होतो, हा प्रश्न आपण संयोजकांना अवश्य विचारावा.

माझ्या मते पुढील मर्यादा पाळल्या तर कामही होते आणि कोणी जायबंदीही होत नाही.

*चौदा व पंधरा वर्षे:* उतरविलेली कौले धुणे, फुटकी-शाबूत निवडणे व रचणे. हातोहात साखळी करून जमिनीवरून सामान पोहोचविणे. अंगणातला चिखल ओढणे. खांद्याच्या उंचीपर्यंतच्या भिंतीला रंग देणे. भांडीकुंडी व कपाटे स्वच्छ करणे. हजेरी, सामानाची नोंद आणि पाणी पुरविणे.

*सोळा व सतरा वर्षे:* वरील सर्व, शिवाय गवंड्याच्या हाताखाली माल कालविणे, घमेली देणे, दाराच्या चौकटीला पॉलिश पेपर मारणे, हातकरवतीने व हातोडीने जमिनीवर बसून करावयाची सुतारकामे, तीही कोणी शिकवीत असताना.

*अठरा पुरी होईपर्यंत मुळीच नाही:* छप्पर, परांची, भिंत पाडणे, ग्राइंडर व विजेवर चालणारी करवत, काँक्रीटचा मिक्सर, विजेचे कोणतेही काम, विहीर व टाकी, चुना विझविणे, कीटकनाशकाची फवारणी.

वजनाबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी दिसते. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. ती पाठीवर घेऊन दाखविणे हा शिबिरातील पराक्रमाचा ठरलेला प्रकार होऊन बसला आहे. गोणी जेथे उतरली तेथेच फोडावी आणि माल घमेल्यांतून न्यावा. जांभ्याचा चिरा दोघांनी उचलावा, गुडघे वाकवून उचलावा आणि ठेवताना बोटे खाली सापडत नाहीत हे पाहावे.

दर सहा ते आठ मुलांमागे एक जाणती व्यक्ती आणि प्रत्येक घरावर एक कसबी कारागीर, हे प्रमाण मी किमान समजतो. कारागिराला त्या दिवसाची मजुरी द्यावी. फुकट बोलाविलेला गवंडी अकरा वाजता स्वतःच्या कामावर निघून जातो आणि मागे मुले व हत्यारे उरतात.

छपराविषयी विस्ताराने

कोकणातील घरदुरुस्ती म्हणजे बहुधा शाकारणी, आणि शाकारणी म्हणजे छप्पर. त्यामुळे वरच्या यादीतील पहिल्याच मनाईवर सर्वांत जास्त हरकत घेतली जाते. ही हरकत घेणाऱ्यांनी शाकारणीला आलेला एखादा म्हातारा सुतार छपरावर चालताना नीट न्याहाळावा. तो अनवाणी असतो. पाऊल टाकण्यापूर्वी अंगठ्याने कौल किंचित दाबून पाहतो, ज्याच्या खाली रीप आहे अशाच जागी भार देतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेताना एक हात छपराला टेकलेला ठेवतो, आणि पोखरलेला वासा पायाखालच्या आवाजावरून ओळखून मुकाट्याने बाजूने जातो. त्याला विचारले तर हे सारे तो सांगू शकणार नाही, कारण ते त्याच्या तळपायाला ठाऊक आहे. सात दिवसांच्या शिबिरात हे ज्ञान कोणाच्या तळपायात उतरत नसते. पावसाची एक सर येऊन गेल्यावर शेवाळलेल्या कौलावरून तर तोही चढत नाही.

सिमेंटचे पत्रे याहूनही फसवे. वरून ते अखंड व टणक दिसतात. उन्हापावसात काही वर्षे काढलेला पत्रा मात्र माणसाच्या भाराने एकदम फुटतो आणि माणूस थेट खालच्या जमिनीवर येतो. कसबी कारागीरसुद्धा त्यावर आडव्या फळ्या टाकूनच चालतो.

छपरावर चढणारा मुलगा बहुधा हट्टी किंवा द्वाड नसतो. सगळ्यांत आधी उठणारा, सांगितलेले मुकाट्याने करणारा, मोठ्यांच्या मर्जीत असलेला असा तो असतो, आणि कोणीतरी "हा धीट आहे, याला वर घ्या" असे कौतुकाने म्हटलेले असते. आळशी मुलावर नजर ठेवण्याची आपणांस सवय असते. ती नजर या उत्साही मुलाकडे वळविणे जरूर आहे. पालकांनी घरून निघतानाच मुलाला स्पष्ट सांगावे, की कोणीही, मग तो शिक्षक असो वा घरमालक, वर चढायला सांगितले तर "मला घरून परवानगी नाही" एवढे म्हणावे. नकाराचे ओझे पालकांनी आपल्या अंगावर घेतले, म्हणजे मुलाला मित्रांसमोर मान खाली घालावी लागत नाही. संयोजकांनीही पहिल्या दिवशी सर्वांसमक्ष जाहीर करावे, की कोणतेही काम नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याचे कारण विचारले जाणार नाही.

वर कारागीर काम करीत असताना खालच्या मुलांसाठी एवढे करावे: छपराच्या कडेपासून सहा हातांची जागा दोरी बांधून बंद ठेवावी, कौल वरून फेकू न देता पाटीत घालून दोराने उतरवून घ्यावे, आणि दोरीच्या आत जाणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे, जे क्रिकेटचे किंवा मोटारसायकलचे न घेता बांधकामाचेच घ्यावे. शिडी वापरावीच लागली, तर ती चार हात उंचीला एक हात या हिशेबाने भिंतीपासून दूर टेकवावी, खाली एकाने धरून राहावे, आणि सोळा वर्षांच्या मुलाचीही पावले जमिनीपासून आपल्या कमरेच्या वर जाऊ देऊ नयेत.

वीज, धूळ आणि चुना

पूर ओसरलेल्या घरात वायरिंग भिंतीच्या आत ओले असते, आणि दिवा लागतो म्हणून सर्व ठीक आहे असे समजणे घातक ठरते. काम चालू असेपर्यंत मेन स्विच बंद ठेवावा, शक्य तर महावितरणच्या कर्मचाऱ्याकडून जोडणी तात्पुरती तोडून घ्यावी, आणि परवानाधारक वायरमनने तपासल्याखेरीज ती पुन्हा सुरू करू नये. तुटून पडलेली तार दिसली, तर ती निर्जीव आहे असा कोणाचाही निर्वाळा ग्राह्य धरू नये. मुलांना दूर नेऊन १९१२ या क्रमांकावर कळवावे. अॅल्युमिनियमची शिडी आणि लांब लोखंडी नळी ही दोन्ही हत्यारे तारांखालून आडवी न्यावीत, उभी नेऊ नयेत.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा कापला, भोकला किंवा फोडला म्हणजे ते हवेत उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा परिणाम कित्येक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी दिसतो. म्हणून फुटक्या पत्र्यांचा ढीग उचलण्याचे काम मुलांकडे देऊ नये. मोठ्या माणसांनीही ते तुकडे पाणी मारून, चांगला मास्क लावून उचलावेत. नाकाला रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत.

ओला सिमेंट आणि चुना कातडी जाळतात. बुटात गेलेला माल संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर पायाला खोल जखमा होतात, हे मुलांना कोणी सांगत नाही. रबरी हातमोजे आणि गमबूट शिबिराने पुरवावेत. चुन्याचा थेंब डोळ्यात उडाला तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा आणि धुणे झाल्यावर लगेच रुग्णालय गाठावे. ओढणी, हातातले कडे, मनगटाचा दोरा, मोकळे केस या सर्वांचा बंदोबस्त कामाला सुरुवात होण्यापूर्वीच करावा. यंत्रापाशी मुले नसली तरी दोर आणि कप्पी असतेच.

साप, विंचू, जखमा आणि ऊन

कौलांचे ढीग, जांभ्याच्या भेगा आणि पुराने आणलेला पाचोळा या जागा साप-विंचवांच्या आवडीच्या. ढिगात हात घालण्यापूर्वी तो काठीने हलवावा, वरून एक-एक कौल उचलावे, आणि सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट दोरी आवळणे यांतले काहीही करू नये. दंश झालेला अवयव फळीला बांधल्याप्रमाणे स्थिर ठेवून, रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावू नये. कोणत्या रुग्णालयात ही लस आज शिल्लक आहे, याची चौकशी शिबिराच्या पहिल्याच सकाळी करून ठेवावी. कोकणातला तांबडा विंचू हृदयावर परिणाम करतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून यातून रुग्ण वाचण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे, पण ते वेळेवर डॉक्टरांपाशी पोहोचणाऱ्यांच्या बाबतीत. घाम सुटणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करावा.

धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देण्याची तरतूद आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आहे. सोळाव्या वर्षाची लस पुष्कळ घरांत राहून जाते. निघण्यापूर्वी दाखला काढून पाहावा. गंजलेला खिळा पायात गेला तर ती जखम शिबिरप्रमुखाच्या पेटीतील मलमाने मिटविण्याची नव्हे. पायाला चीर असलेल्या मुलाने पुराच्या चिखलात उतरू नये, कारण उंदरांच्या मूत्रातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना तेवढी चीर पुरते; प्रतिबंधक गोळ्या घ्यावयाच्या की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, शिबिरात सरसकट वाटू नयेत.

उन्हाळ्यात काम सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चारनंतर, एवढेच ठेवावे. मधल्या वेळात मुले झोपली तर झोपू द्यावीत. दमा, फिट, मधुमेह किंवा अॅलर्जी असलेल्या मुलाची माहिती पालकांनी लपवू नये. न्यायला नकार मिळेल या भीतीने ती लपविली जाते, आणि मग रात्री दोन वाजता इन्हेलर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

काम थांबल्यानंतरचे तास

हत्यारे खाली ठेवली म्हणजे धोका सरला, असे संयोजकांना वाटते आणि नेमके त्याच वेळी मुलांवरचे लक्ष सुटते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, ही घटना महाराष्ट्रात शिबिर नेणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावी. दिवसभर चिखल उपसलेल्या मुलांना संध्याकाळी समुद्र किंवा नदी दिसली की पाण्यात जावेसे वाटणारच. स्थानिक कोळी सांगेल त्या जागी, त्या वेळी, घोट्यापर्यंत. किंवा सरळ मनाई. मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

निवासाबाबत पालकांनी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत:

- मुलींची व मुलांची झोपण्याची व्यवस्था स्वतंत्र, आतून कडी असलेल्या जागेत आहे काय? मुलींबरोबर किती महिला कार्यकर्त्या राहणार आहेत?
- शौचालयाला दार, कडी आणि दिवा आहे काय? मासिक पाळीच्या दिवसांत कामातून सूट न मागता मिळते काय?
- कोणतीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, गाडीत किंवा घरात राहणार नाही, असा नियम आहे काय? तो घरमालकांनाही सांगितला आहे काय?
- बरोबर येणाऱ्या कार्यकर्त्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे काय?
- मुलाला रोज ठराविक वेळी घरी फोन करता येईल काय, आणि तेव्हा कोणी शेजारी उभे राहणार नाही ना?

लैंगिक छळाची तक्रार किंवा नुसती शंकाही पुढे आली, तर ती संस्थेच्या आत मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळविण्याचे बंधन आहे आणि न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. संस्थेची अब्रू, इतकी वर्षांची सेवा, मुलीचे पुढे कसे होणार, हे सारे युक्तिवाद कायद्याने आधीच निकालात काढलेले आहेत. मुलांना १०९८ हा क्रमांक पाठ असावा.

प्रवास

थोडक्यात: रात्रीचा प्रवास टाळावा, मुले टेम्पो, ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक मैलभरही नेऊ नयेत. मालवाहू गाडीतून माणसे नेणे बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यास विम्याची रक्कम मिळविण्यात पहिला अडथळा याच कारणाने येतो. शाळेपासून गावापर्यंत उत्तम बस आणि गावातल्या वस्तीवर जायला विटांची ट्रॉली, हा प्रकार सर्रास चालतो.

संमतिपत्र, विमा आणि आपले हक्क

ज्यावर सर्वांत जास्त पत्रे येतात तो हा विषय. "कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही" ही ओळ जवळजवळ प्रत्येक संमतिपत्रात छापलेली असते आणि ती वाचून पालक हबकतात. संमतिपत्राने आपण मुलाला पाठविण्यास मान्यता देता. संस्थेची हयगय माफ करीत नाही. संस्थेच्या निष्काळजीपणामुळे मुलाला इजा झाली, तर भरपाई मागण्याचा किंवा पोलिसांत तक्रार देण्याचा मार्ग त्या एका ओळीने बंद होतो असे मानू नये. अज्ञान मुलाने स्वतः केलेला करार तर आपल्याकडे १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयापासून मुळातच रद्दबातल समजला जातो. म्हणून मुलाकडून हमीपत्र लिहून घेणाऱ्या संस्थेने कागद वाया घालवू नये.

ती ओळ खोडून त्यापुढे आद्याक्षरी करण्यास आपणांस कोणी अडवू शकत नाही. उलट आपणच त्यात भर घालावी: "माझ्या मुलास छप्पर, परांची, विजेची हत्यारे व भिंत पाडणे ही कामे देऊ नयेत." या वाक्याखाली सही करून त्याची प्रत पोचपावतीसह घरी ठेवावी. संमतिपत्रात रक्तगट, औषधे, अॅलर्जी, दोन संपर्क क्रमांक आणि तातडीच्या उपचारांस मान्यता एवढा मजकूर असला म्हणजे ते कामाचे; बाकीची भाषा बहुधा शोभेची.

विम्याविषयी तीन गोष्टी विचाराव्यात. विमा कोणत्या कामाचा आहे, केवळ प्रवासाचा की श्रमदानाचाही? अठरा वर्षांखालील मुले त्यात अंतर्भूत आहेत काय? आणि रुग्णालयाचा खर्च मिळतो की फक्त मृत्यू व अपंगत्वाची रक्कम? पॉलिसीची प्रत दाखविण्यास संस्था टाळाटाळ करू लागली, तर विमा नाही असेच समजून निर्णय घ्यावा. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी यांच्या नावाने चालणारी अपघात सुरक्षा योजना आहे. तिच्या अटी व मुदत मुख्याध्यापकांकडून आधीच समजून घ्याव्यात, कारण अपघातानंतर कागद गोळा करण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

अपघात घडलाच तर प्रथम उपचार. त्यानंतर त्याच दिवशी घटनेची लेखी नोंद, उपस्थितांची नावे, जागेची छायाचित्रे आणि रुग्णालयाचे कागद. इजा गंभीर असल्यास पोलिसांत खबर द्यावी. संयोजक मंडळी भली असतात आणि "आपसांत बघू" असे मनापासून म्हणतात. त्यांच्या भलेपणाविषयी संशय न धरताही हे कागद करून घेता येतात. मुलाला केव्हाही, कारण न देता, शिबिरातून घरी नेण्याचा आपला हक्क कोणत्याही शिस्तीच्या नियमाने कमी होत नाही.

परत आल्यावर

मूल घरी आले, कपडे धुतले, छायाचित्रे पाहून झाली, की शिबिर संपले असे वाटते. पुढचा महिनाभर मात्र लक्ष असू द्यावे. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काही दिसले, तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि "हवापालट झाला असेल" असे म्हणण्याऐवजी मूल अमुक तारखांना पुराच्या चिखलात काम करीत होते, हे त्यांना विचारण्यापूर्वीच सांगावे. लेप्टोची लक्षणे कधी कधी तीन-चार आठवड्यांनीही दिसू लागतात आणि डॉक्टरांना चिखलाची गोष्ट ठाऊक नसेल तर साध्या तापाच्या औषधात मोलाचे दिवस जातात.